रबाळ्याच्या गाळ्यात रेल्वे इंजिनं बनवतोय (छोटी!), डाय करू का नको?

टूलरूमवाला

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

रबाळे एमआयडीसीत माझी छोटी टूलरूम आहे. बाटलीची झाकणं, स्विचची बटणं, मिक्सरचे नॉब असल्या प्लास्टिकच्या वस्तूंच्या डाय (धातूचे साचे) करतो. चार माणसं, एक जुनी व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), ठिणगीने धातू कोरणारं एक स्पार्क मशीन, वायरकट (तारेने धातू कापायचं काम) बाहेरून. पोटापुरतं मिळतं. पण डोक्यात किडा लहानपणापासून रेल्वेचा, कारण आजोळ कल्याणला लोको शेडच्या जवळ. दोन वर्षांपूर्वी रात्री काम संपल्यावर एक डब्ल्यूडीएम-२, म्हणजे आपल्या रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन, बनवलं. एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, १९७ मिमी लांब. बॉडीचा मास्टर रेझिन प्रिंटरवर, त्यावरून सिलिकॉनचा साचा, त्यात पीयू रेझिन ओतायचं. खाली १२ व्होल्टची मोटर, फ्लायव्हील, वर्म गिअर. फोटो एका ग्रुपवर टाकला आणि लोक म्हणाले आम्हालाही दे. असं करत करत २२ इंजिनं गेली, जीएसटी धरून ११,८०० ला एक.

आता साठेक लोक मागे लागलेत. सिलिकॉनचा साचा वीस-पंचवीस बॉडी काढल्या की फाटायला लागतो, परत नवा करा. एका इंजिनाला माझे नऊ तास जातात. म्हणून विचार आहे की बॉडीची सरळ इंजेक्शनची डाय (वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरायचा साचा) करावी, शेजारच्या गाळ्यात मशीन आहेच. स्वतःच्या टूलरूममध्ये करूनही सात लाख जातील. बायको म्हणते सात लाखात किचन होतं. करू का नको? धंदा म्हणून याकडे बघावं का हौस म्हणूनच ठेवावं?

नौपाडाकर

पहिला!

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं लावून ठाण्याला आली. तीन इंजिनं, चौदा डबे. तेव्हापासून आम्ही ठाणेकर गाडीत जागा मिळायची वाट बघतोय. तुमचं इंजिन १९७ मिमीचं आहे म्हणता, सकाळच्या फास्टमध्ये मला साधारण तेवढीच जागा मिळते, चालेल.

किचन करा.

रेझिनराव

अभिनंदन दादा, कमाल काम! खारघरला माझे दोन रेझिन प्रिंटर आहेत, गणपतीची मखरं, दागिन्यांचे मास्टर वगैरे जॉबवर्क करतो, म्हणून अनुभवाचं सांगतो. डाय नका करू, सरळ बॉडीच प्रिंट करून विका. ०.०५ च्या लेयरला ग्रिलच्या जाळ्या काय सुंदर येतात. ऑर्डर आली की प्रिंट, आयपीएमध्ये (एक प्रकारचं अल्कोहोल) धुवायचं, यूव्हीत क्युअर करायचं, दुसऱ्या दिवशी पार्सल. स्टॉक नाही, सात लाख नाहीत.

फक्त एक, मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत पार्सल तापलं की पातळ भिंतीची बॉडी केळ्यासारखी वाकते. मी नागपूरला पाठवलेलं एक मखर तिथे पोचेपर्यंत कमान झालं होतं. गिऱ्हाईक म्हणे डिझाईन छान आहे. गप्प बसलो.

रिव्हेटमोजे

फोटो बघितला. कौतुक आहेच पण काही गोष्टी खटकल्या.

१) आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिमी. भागिले ८७ केलं तर १९.२६ मिमी येतं. तुमचं इंजिन १६.५ मिमीच्या रुळावर उभं आहे, तो रूळ युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजचा. म्हणजे आपला धिप्पाड गडी अरुंद पायांवर उभा केलाय. समोरून बघताना ते लपत नाही.

२) बोगी (डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट)! डब्ल्यूडीएम-२ ची बोगी अल्को या अमेरिकन कंपनीची ट्रायमाउंट, तिच्या तीन चाकांमधली अंतरं सारखी नसतात. तुमच्या फोटोत सारखी दिसतायत. परदेशी इंजिनाची चासी (खालचा सांगाडा) वापरलीत का?

३) कॅबच्या दाराजवळची दांडी एका बाजूला जरा खाली आहे.

नौपाडाकर

@रिव्हेटमोजे, लग्नात मुलगी बघायला तुम्हाला नेलं नव्हतं ना कोणी?

टूलरूमवाला

@रिव्हेटमोजे, तिन्ही मुद्दे मान्य. पहिल्या लॉटला परदेशी चासीच होती, म्हणून बोगी तशी.

गेजबद्दल मात्र भांडणार. ब्रिटिश लोकांचं ओओ स्केल घ्या, फुटाला ४ मिमी म्हणजे एचओपेक्षा मोठं स्केल, पण रूळ तोच १६.५ चा. का, तर त्यांची खरी इंजिनं अंगाने बारकी, त्या काळच्या मोटरी साडेतीन मिमीच्या स्केलात आत मावेनात, मग बॉडी फुगवली आणि रूळ तसाच ठेवला. हिशेबाने त्यांचा गेज चार फूट दीड इंच होतो, हवा चार फूट साडेआठ. ज्यांना सहन झालं नाही त्यांनी १८.२ आणि १८.८३ चे रूळ स्वतः घालून घेतले, बाकीचं ब्रिटन जवळजवळ शंभर वर्षं अरुंद रुळावर खूश आहे. मी १९.२६ ची चाकं केली तर ती चालवायला रूळ कोण देणार, सांधे कोण देणार? गिऱ्हाईकाकडे जे रूळ आहेत त्यावर चाललं पाहिजे.

@रेझिनराव, तुमचं पटतंय पण प्रिंट केलेली बॉडी हातात घेतल्यावर ठिसूळ लागते हो, कोपऱ्याला टिचकी बसली की तुकडा.

गेजमामा

मग स्केलच बदला ना. १:१०० ला केलं तर १६७६ चे १६.७६ होतात, १६.५ च्या रुळावर जवळपास चपखल. हे मी वीस वर्षं सांगतोय.

रिव्हेटमोजे

@गेजमामा, आणि मागे डबे कोणाचे लावणार? ज्याच्याकडे जे काय भारतीय डबे आहेत ते सगळे एचओत. इंजिन डब्यापेक्षा बुटकं दिसेल. वीस वर्षं सांगताय आणि एकही बनवलं नाहीत हेच उत्तर आहे.

गेजमामा

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

हिशेबनीस

मी वाशीला सीए आहे, आमच्याकडे एमआयडीसीतले बरेच लघुउद्योगवाले येतात. ट्रेनमधलं काही कळत नाही, आकडे कळतात.

११,८०० मधून १८ टक्के जीएसटी काढला की हातात १०,००० (मोटर, दिवे असले की इलेक्ट्रॉनिक खेळणं धरतात). खर्च किती? त्यात स्वतःचे नऊ तास धरलेत का ते आधी सांगा. माझ्याकडे येणारे दहातले आठ उद्योजक स्वतःची मजुरी शून्य धरतात आणि मग नफा झाला म्हणून पेढे देतात.

दुसरं, साठ लोक मागे लागलेत म्हणजे काय? आगाऊ पैसे किती जणांनी दिलेत?

तिसरं आणि महत्त्वाचं. खेळण्यांसाठीची क्वालिटी कंट्रोल ऑर्डर १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना बीआयएसचा आयएसआय मार्क सक्तीचा. व्याख्येत "फक्त मुलांसाठीच असो वा नसो" अशा अर्थाचे शब्द आहेत. डब्यावर "१४ वर्षांवरील" छापलं की सुटलो, असं व्हॉट्सअ‍ॅपवरचे लोक सांगतात, त्यावर जाऊ नका. माल कोणाला म्हणून विकताय, जाहिरातीत पोरगं इंजिन चालवताना दाखवलंय का, सगळं बघितलं जाऊ शकतं. एकदा जाणकाराला पैसे देऊन लेखी मत घ्या.

तुमच्या बाजूची एकच गोष्ट, खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० ची ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. स्केल मॉडेल कस्टमच्या यादीत खेळण्यांच्याच ९५०३ क्रमांकाच्या शीर्षकात येतात. म्हणजे बाहेरून येणारं इंजिन तुमच्यापेक्षा स्वस्त पडणं अवघड.

टूलरूमवाला

@हिशेबनीस ताई, घाम फोडलात.

काल रात्री बसून लिहिलं. मोटर, गिअर, चाकं मिळून २,९००, सर्किट आणि दिवे ४५०, बॉडी ६००, रंग आणि डिकॅल ५००, खोका-कुरिअर ४५०, वाया जाणारं धरून अजून ६००. झाले ५,५००. माझे नऊ तास २०० रुपयांनी १,८००. म्हणजे ७,३००, उरले २,७००. सात लाख भागिले २,७०० म्हणजे जवळपास २६० इंजिनं विकली की डाय फिटते.

आणि आगाऊ पैशांचं विचारलंत म्हणून ६१ जणांना मेसेज टाकला की २,००० पाठवा, नाव पक्कं करतो. १७ जणांनी पाठवले. अकरा जणांनी अंगठा दाखवला, म्हणजे वरचा अंगठा. एक जण ग्रुप सोडून गेला.

नौपाडाकर

किचन +१

कर्जतचा_बँकर

टूलरूमवाले साहेब, मी रेल्वेतून लोको पायलट म्हणून रिटायर झालो, कल्याण शेड. शेवटची बरीच वर्षं घाटात बँकरवर काढली. कर्जतला गाडीच्या मागे आमची इंजिनं लागायची आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत न्यायचं, १ इन ३७ चा चढ आहे, म्हणजे ३७ फूट गेलं की एक फूट वर. पावसात रुळावर पाला आणि पाणी, चाक घसरायला लागलं की वाळू सोडायची. तेव्हा १५०० व्होल्ट डीसी होतं. २०१५-१६ च्या सुमाराला मुंबईतलं डीसी संपलं आणि आमची ती डब्ल्यूसीजी-२ इंजिनं पण गेली. शेवटचं इंजिन ओढून नेताना बघितलं त्या दिवशी घरी जेवलो नाही.

तुमचं मॉडेल १ इन ३७ ला किती डबे घेतं ते सांगा. सपाटीला काय, कोणीपण ओढेल.

टूलरूमवाला

काका, नमस्कार __/\__

खरं सांगतो, सपाटीला अकरा घेतं, आणि तुमचं वाचून आज फळीखाली पुस्तकं घालून १ इन ३७ केला तर पाच डब्यांना जागेवर चाकं फिरायला लागली. वजन कमी पडतंय. रेझिनची बॉडी हलकी, आत शिशाचे तुकडे चिकटवलेत पण जागा नाही.

कर्जतचा_बँकर

मग मागे बँकर लावा. म्हणजे एका गिऱ्हाईकाला दोन इंजिनं विकली जातील.

हिशेबनीस

काका, तुम्ही रेल्वेत फुकट गेलात, धंद्यात पाहिजे होतात.

जुना_लोकोवेडा

धागा वाखुसा (वाचनखूण साठवली). जरा गंभीर लिहितो, कारण याच धंद्यात मी हात पोळून बसलोय. वागळे इस्टेटमध्ये गाळा भाड्याने घेऊन तीस इंजिनांचा लॉट काढला होता. बॉडी झकास, रंग झकास, लोकांनी प्रदर्शनात हातात घेऊन वाहवा केली. आठ महिन्यांत नऊ परत आली. चालताना खट, खट, खट. उघडून बघितलं तर धुरीवरचे (चाकांच्या आसावरचे) प्लास्टिकचे गिअर उभे चिरलेले. मी भोक धुरीपेक्षा जरा जास्तच घट्ट ठेवलं होतं, निसटू नये म्हणून, आणि तो ताण प्लास्टिकने काही महिने सोसला आणि मग चीर पडली. चीर पडली की तिथे दोन दात एकमेकांपासून लांब जातात आणि प्रत्येक फेऱ्याला इंजिन उडी मारतं. परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या इंजिनांनाही हाच रोग झालेला आहे, पण त्यांच्याकडे सुटे गिअर पाकिटात मिळतात. माझ्याकडे शून्य. नऊच्या नऊ फुकट दुरुस्त केली, कुरिअर दोन्ही बाजूचं माझं, उरलेल्यांना फोन करून मीच सांगितलं की परत पाठवा. नफा तिथेच गेला.

मुद्दा हा की बॉडी तुम्हाला सोपी वाटते कारण तुम्ही डायवाले. गिऱ्हाईक बॉडी बघून घेतो आणि बोगीमुळे शिव्या देतो. तुमच्या २२ चं काय चाललंय ते विचारलंत का लोकांना?

आणि दुसरं, रंग पावसाळ्यात करू नका. लॅकरवर दमट हवेत पांढरी झाक येते. जुलैमध्ये मारलेला एक अख्खा लॉट मी घासून काढलाय. कंप्रेसरला पाणी पकडायची बाटली असली तरी नवी मुंबईच्या हवेला काय करणार, खाडी बाजूला.

मिसळप्रेमी

अवांतर: पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे ते कोणी बघितलंय का? १९९८ ला सुरू झालं. बाबा घेऊन गेले होते, मी तिथून निघायला तयार नव्हतो, मग जंगली महाराज रोडला आईसक्रीमचं आमिष दाखवावं लागलं. टूलरूमवाले, तुमचं इंजिन तिथे चालवून बघा की.

अतिअवांतर: मामलेदारची मिसळ मीडियम पण आता झेपत नाही, वय झालं.

ऐरोलीची_शुभा

नवऱ्याच्या नादामुळे या विषयात ओढली गेलेली व्यक्ती म्हणून लिहिते. आमच्या टूबीएचकेमध्ये रूळ कुठे आहेत विचारा. दिवाणाखाली! महिन्यातून एका रविवारी बाहेर येतात, अठरा इंच त्रिज्येचा गोल टाकला की हॉल संपला, टीपॉय बाल्कनीत, मला सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचं, आणि तासाभराने गाडी तीनदा पडून झाली की परत दिवाणाखाली. बाकी एकोणतीस दिवस ते इंजिन शोकेसमध्ये असतं.

तर मोटर नसलेलं, नुसतं फळीवर रुळाच्या तुकड्यावर उभं केलेलं इंजिन निम्म्या किमतीत का नाही विकत? माझे सासरे रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरात अशी तीन घड्याळं आहेत, तिन्हींवर वेगळी वेळ. त्यांच्या शेडचं नाव आणि त्यांनी चालवलेल्या इंजिनाचा नंबर घालून असं काही दिलं असतं तर रोज पुसून ठेवलं असतं त्यांनी.

कर्जतचा_बँकर

शुभाताई, मला पण घड्याळच मिळालं. आमच्या बॅचचे पंधरा-वीस जण तरी घेतील, मी विचारतो. पण नंबर आमचाच पाहिजे, दुसरा चालणार नाही.

रेझिनराव

हे भारी आहे!! आणि मोटर नाही म्हणजे गिअर नाही, परत येणं नाही. बॉडी मी प्रिंट करून देतो दादा, शोकेसमध्ये ठिसूळ असली तरी कोण टिचकी मारतंय.

हिशेबनीस

आणि मोटर-दिवे नसले तर करही १८ च्या खालच्या टप्प्यात बसेल बहुधा, तुमच्या सीएकडून तपासून घ्या. मला फी मिळाली नाही तरी चालेल, एक इंजिन चालेल. (गंमत करते. खरं तर नाही करत.)

जुना_लोकोवेडा

कल्पना चांगली आहे पण मग हा ट्रॉफीचा धंदा झाला. टूलरूमवाल्यांना इंजिन चालताना बघायचंय, ते मला त्यांच्या पहिल्या परिच्छेदातच दिसलं.

बाय द वे, मोठ्यांचं तरी काय. छोट्या रेल्वे बनवणारी म्यार्कलिन १८५९ पासूनची, जर्मनीतलं घराघरातलं नाव, २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०१३ मध्ये एका खेळणी कंपनीने घेतली.

नौपाडाकर

म्हणजे यांना अजून दीडशे वर्षं आहेत. करा डाय.

रिव्हेटमोजे

मी दोन दिवस गप्प होतो कारण मोजमापं काढत होतो. आता ऐका.

टूलरूमवाले, तुम्ही चुकीच्या वस्तूची डाय करायला निघालाय. बॉडी प्रत्येक इंजिनाची वेगळी. डब्ल्यूडीएम-२ ची डाय केलीत की सात लाख त्या एकाच चेहऱ्यात अडकले. पण ती ट्रायमाउंट बोगी, जिच्यावरून तुम्ही सगळे माझी चेष्टा करत होतात, ती डब्ल्यूडीएम-२ ला आहे, डब्ल्यूडीएम-३ए ला आहे आणि इलेक्ट्रिक डब्ल्यूएएम-४ ला पण तीच आहे. आपल्याकडे डब्ल्यूडीएम-२ च अडीच हजारांच्या वर बनली, म्हणजे ती बोगी देशभर लोकांनी बघितलेली आहे. बोगीच्या बाजूच्या चौकटी आणि गिअरबॉक्सचं घर एवढ्याचीच छोटी डाय करा, चाकांची अंतरं बरोबर ठेवून. बॉडी रेझिनमध्येच राहू द्या, आज डिझेल, उद्या इलेक्ट्रिक, पंचवीस-पंचवीसचे लॉट. खालचा भाग एकच. सुटे गिअर पण एकाच मापाचे, पाकिटात भरून ठेवा.

दांडीचा मुद्दा अजून कायम आहे.

जुना_लोकोवेडा

दंडवत. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर.

गेजमामा

बोगी करताच आहात तर धुरी १९.२६ ला पण बसेल अशी ठेवा. एवढंच बोलतो.

टूलरूमवाला

मंडळी, तीन आठवडे गायब होतो, माफी.

@जुना_लोकोवेडा यांच्या सांगण्यावरून २२ च्या २२ गिऱ्हाईकांना फोन केले. १९ ठीक. दोघांनी अजून खोक्यातून बाहेरच काढलेलं नाही. एकाचं खट खट करतंय आणि तो बिचारा म्हणाला मला वाटलं रुळाच्या सांध्यांचा आवाज असेल, छान वाटतो. परत मागवलं, गिअर चिरलेलाच होता. आता भोक रीमरने जरा मोकळं करून वर चिकटवणाऱ्या थेंबावर ठेवतोय, शंभर तास टेबलावर फिरवून बघणार.

बोगीची डाय चालू केली. दोन कॅव्हिटी (एका वेळी दोन नग निघतील), आतला भाग बदलता येईल अशी. माझ्याच मशीनवर, पण रात्री नाही, दिवसा, कारण माझा फिटर म्हणाला शेठ रात्री तुम्ही करता तेव्हा सकाळी आम्हाला परत करावं लागतं. खर्च दोन लाखाच्या आत राहील असं दिसतंय, म्हणजे ७४-७५ इंजिनांत फिटेल, तीन मॉडेलांत मिळून. बॉडीची डाय रद्द. १७ जणांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेत, त्यांना दिवाळीनंतरची तारीख दिली आणि का ते पण सांगितलं, दोघांनी परत मागितले, देऊन टाकले. १५ राहिले.

शोकेसवाली इंजिनं रेझिनरावांबरोबर करतोय. पहिल्या सहांचे नंबर कर्जतच्या काकांनी दिलेत. ताई, बीआयएसचं लेखी मत मागवलंय, ते आल्याशिवाय एकही जाहिरात नाही.

गेजमामा, धुरी दोन्हीला बसेल अशी ठेवलीय. का विचारू नका.

गेजमामा

__/\__ डोळे पाणावले.

नौपाडाकर

आणि किचन?

टूलरूमवाला

वाचलेल्या पाच लाखांचा विषय घरात निघाला आहे.

कर्जतचा_बँकर

सहावा नंबर लिहिताना चूक झाली माझी, शेवटचा आकडा ३ नाही ८. रंगवायच्या आधी फोन करा. आणि १ इन ३७ चं काय झालं ते सांगितलंच नाही तुम्ही.

टूलरूमवाला

सात डबे काका. आठव्याला घसरतं.

कर्जतचा_बँकर

वाळू सोडा.